वीणा कोणी घ्यायची?

बडोद्याहून मोटारीने मुंबईकडे निघालेला प्रवासी भडोच, अंकलेश्वर, कोसंबा ही गावे मागे टाकून तापीचा पूल ओलांडतो आणि कामरेजच्या चौरस्त्याला येऊन थांबतो. सुरतेला जायचे असेल तर येथून उजवीकडे वळायचे. बहुतेक मंडळी तेवढेच करतात. फार तर टपरीवर चहा घेतात, उसाच्या गाड्यांना आणि मालमोटारींना वाट देतात आणि पुढे जातात. कामरेज पाहायला कोणी थांबत नाही.

आपल्या शहरातील जुन्या मराठी घरांना मात्र हे नाव परके वाटू नये. माळ्यावरची ट्रंक उघडून आजोबा-पणजोबांच्या बदल्यांचे हुकूम चाळले तर 'महाल कामरेज, प्रांत नवसारी' ही अक्षरे एखाद्या तरी कागदावर सापडतील. नवसारी प्रांत म्हणजे गायकवाडीचे मूळ घर. बडोदे हाती येण्यापूर्वी पिलाजीरावांचे ठाणे सोनगडला होते, आणि त्या प्रांतातले कामरेज, पलसाणा, महुवा, व्यारा हे महाल इंग्रजी मुलखाशी असे गुंतलेले होते की सकाळी एका राज्यात निघालेली बैलगाडी दुपारी दुसऱ्या राज्यात आणि संध्याकाळी पुन्हा पहिल्या राज्यात यावी. कामरेज त्याहूनही जुने. सातव्या-आठव्या शतकांतल्या चालुक्यांच्या ताम्रपटांत 'कार्मणेय आहार' असा जो प्रदेश येतो तो हाच, असे विद्वान मानतात. सुरतेचे नाव तेव्हा कोणाच्या कानीही नव्हते. नदीपलीकडचे कठोर हे गाव मॉरिशस आणि दक्षिण आफ्रिकेपर्यंत व्यापाराला गेलेल्या व्होऱ्यांचे. म्हणजे दोन्ही काठांवर स्वतःच्या हिमतीने उभी राहिलेली माणसे, आणि त्यांच्यावर अंमल करायला बडोद्याहून गेलेले वहिवाटदार, फौजदार, अव्वल कारकून आणि शाळाखात्याचे इन्स्पेक्टर. त्यांत आपली मंडळी भरपूर असत.

त्यांनी कामे वाईट केली असे नाही. सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा कायदा सयाजीराव महाराजांनी 1906 मध्ये साऱ्या राज्याला लागू केला, तेव्हा शेतावर गुरे राखणारी पोरे शाळेत आणून बसवण्याचे किचकट काम याच लोकांनी केले. त्याच सुमारास ग्रामपंचायतींची नवी घडी बसली. गावचा पाटील अध्यक्ष, काही सभासद नेमलेले आणि काही निवडलेले. इंग्रजी हद्दीतल्या शेजाऱ्यांनी हेवा करावा अशी ही व्यवस्था होती. पण तिच्यातली एक गोष्ट मला नेहमी खटकते. पुढारपण वरून येत असे. हुकूम निघाला की माणूस पुढारी, बदली झाली की पुढारपण संपले. तीन वर्षे कामरेजला राहिलेला अंमलदार सामान बांधून मेहसाण्याला जाई आणि त्याच्या मागे त्या गावात त्याचे असे काही उरत नसे. तो त्या गावचा कधी झालेलाच नसे.

हे मला दुरूनच दिसते असे नाही, आमच्या घरातही तेच होते. माझे वडील दरबारी गवयाच्या घरातले. राज्याचे विलीनीकरण 1949 च्या 1 मे रोजी झाले तेव्हा ते चौदा वर्षांचे होते आणि आजोबांच्या मागे तंबोरा धरून बसत. पुढे राजवाड्यावरच्या गणपतीला आणि दसऱ्याला गाण्याची सेवा त्यांनी हयातभर केली. बडोद्याच्या कलावंत कारखान्याला नियमांचे पुस्तक होते. कोणी कोणत्या वारी, कोणत्या वेळी हजर राहायचे आणि न राहिल्यास काय, हे त्यात लिहिलेले असे. मोठमोठे खाँसाहेबही त्यातून सुटले नव्हते. वडील त्या काळच्या गोष्टी फार रंगून सांगत, पण शेवटी हटकून म्हणत, "हुकुमाने गाणे मिळते, हुकुमाने मैफल जमत नाही." मैफलीत कोणी पुढे व्हायचे हे आतून ठरते. गवयाचा श्वास कमी पडला की मागे बसलेला शागीर्द जागा भरतो. त्याला कोणी खूण केलेली नसते. खुणेची वाट पाहिली तर जागा निघून जाते.

आता कामरेजच्या कुंपणापलीकडे पाहू. तेथून थोड्याच अंतरावर बारडोली तालुका लागतो, आणि तो होता इंग्रजांचा. सरकारने तेथील शेतसाऱ्यात सुमारे बावीस टक्के वाढ केली. ती भरायची नाही असा ठराव 1928 च्या 12 फेब्रुवारीला झाला, वल्लभभाई पटेल येऊन बसले आणि ऑगस्टपर्यंत तालुका हलला नाही. पुढे नेमलेल्या चौकशीत वाढ सहा टक्क्यांच्या आसपास आली. हा इतिहास शाळेच्या पुस्तकात आहे आणि त्यात सरदारांचे नाव मोठ्या अक्षरात आहे. ते योग्यच आहे. पण गायनमास्तराच्या कानाला त्यातला दुसराच तपशील पकडतो. जप्तीची टोळी गावाकडे येताना दिसली की वेशीवर बसलेला पोरगा ढोल बडवी, नाहीतर शंख फुंकी. तो ऐकून गावाची दारे आतून बंद होत, म्हशी घरात घेतल्या जात आणि टोळी पोचेपर्यंत गाव ओस दिसे. एका गावचा ढोल ऐकून पुढचे गाव आपला ढोल उचले. सरकारने शेवटी ढोल वाजवण्यावर मनाई काढली. यावरून त्या चामड्याची ताकद कळावी.

तो ढोल वाजवणाऱ्या पोराची नेमणूक कोणी केली होती? तो गावचा होता आणि त्याने टोळी आधी पाहिली, एवढाच त्याचा अधिकार. उलट, ज्यांची नेमणूक झालेली होती त्यांच्यापुढे मोठा पेच उभा राहिला. गावचे पाटील सरकारी कामगारही आणि गावातले कर्ते पुरुषही. शेजाऱ्याच्या जप्तीच्या पंचनाम्यावर सही करायची की नाही? पुष्कळ पाटलांनी आणि काही तलाठ्यांनी राजीनामे दिले. वतनाचा माणूस वतन ठेवून खाली उतरतो आणि आपल्याच आळीत पहिल्याने उभा राहतो, ही गोष्ट मला साऱ्या लढ्यातली सर्वांत अवघड वाटते. दोनच वर्षांनी, 1930 मध्ये, पुन्हा साराबंदी झाली आणि जाच असह्य झाला तेव्हा बारडोलीची कुटुंबेच्या कुटुंबे गुरेढोरे आणि चूलबोळकी घेऊन हद्द ओलांडून गायकवाडी शिवारांत झोपड्या घालून राहिली. ब्रेल्सफर्ड नावाच्या इंग्रज पत्रकाराने ते मुक्काम पाहून लिहून ठेवले आहे. हद्दीच्या या बाजूला बसलेल्या आपल्या अंमलदारांनी त्या झोपड्यांकडे पाहून काय म्हटले असेल? काहींनी डोळेझाक केली असेल, काहींनी चोरून धान्य पाठवले असेल. दप्तरात तसे लिहून ठेवण्याची सोय नव्हती.

बडोद्याच्या दप्तरातून उठून त्या बाजूला गेलेला एक माणूस मात्र साऱ्या देशाला माहीत झाला, आणि त्याची आठवण आपल्या शहराने जितकी ठेवायला हवी तितकी ठेवलेली नाही. अब्बास तय्यबजी. विलायतेत शिकलेले बॅरिस्टर, बडोदे राज्याचे मुख्य न्यायाधीश, 1913 साली निवृत्त झालेले. निवृत्तीनंतर बागेत खुर्ची टाकून बसायला आणि सभांची अध्यक्षस्थाने भूषवायला त्यांना कोणतीच अडचण नव्हती. पण जालियनवाला बागेच्या हत्याकांडानंतर काँग्रेसने जी चौकशी समिती नेमली तिच्यात ते बसले, साक्षी ऐकल्या, आणि तेथून परत आलेला माणूस निराळाच होता. विलायती कपडे गेले, खादी आली, तिसऱ्या वर्गाचा प्रवास आला. 1928 मध्ये पांढऱ्या दाढीचे हे गृहस्थ बारडोलीच्या खेड्यांतून फिरत होते.

1930 साली ते शहात्तर वर्षांचे होते. दांडीला मीठ उचलले गेले, आणि 4 मेच्या मध्यरात्रीनंतर कराडी गावच्या झोपडीतून गांधीजींना पकडून नेले. आता पुढे कोण? गांधीजींनी नाव आधीच सांगून ठेवले होते, ते तय्यबजींचे. कोणी म्हणेल, मग ही नेमणूकच झाली की! तसे म्हणता येणार नाही. या नेमणुकीला पगार नव्हता, पेन्शन नव्हते, आणि ती स्वीकारताच पुढची पायरी तुरुंग आहे हे उघड दिसत होते. धारासण्याच्या मिठागराकडे निघण्याच्या तयारीत असताना 12 मे रोजी त्यांना अटक झाली आणि तीन महिन्यांची शिक्षा झाली. ज्याने आयुष्यभर शिक्षा सांगितल्या त्याने ती ऐकून घेतली. त्यांच्यानंतर सरोजिनी नायडू पुढे झाल्या, त्यांच्यानंतर आणखी कोणी. 21 मे रोजी धारासण्याला लाठ्यांखाली एक रांग पडत होती आणि दुसरी उभी राहत होती, हे वेब मिलर या अमेरिकी वार्ताहराने जगाला कळवले. मला त्या दिवसांचे वर्णन वाचताना सप्ताहातला विणेचा पहारा आठवतो. त्याविषयी पुढे सांगणारच आहे.

तय्यबजींच्या घरात ही गोष्ट एकट्या यजमानांची राहिली नाही. पत्नी आमिनाबेन दारू आणि परदेशी कापडाच्या दुकानांवर निरोधन करणाऱ्या स्त्रियांच्या समितीच्या अध्यक्ष होत्या, आणि चिटणीस होत्या मिठूबेन पेटिट. मुंबईच्या श्रीमंत पारशी घरातली ही बाई पुढे सुरत जिल्ह्यातल्या मरोलीला आश्रम काढून कायमची तेथलीच झाली. कन्या रेहाना तय्यबजी बडोद्यातच जन्मलेल्या. त्यांची भजने गांधीजींच्या प्रार्थनेत गाइली जात, आणि मुसलमान घरातल्या या मुलीने गोपीच्या हृदयावर पुस्तक लिहिले. उत्तरायुष्यात त्या दिल्लीला काका कालेलकरांच्या सान्निध्यात राहिल्या. काका साताऱ्याचे. बडोद्याच्या गंगनाथ विद्यालयात शिकवायला आले, आणि गुजराती भाषा अशी आपली केली की गांधीजी त्यांना 'सवाई गुजराती' म्हणत. त्याच विद्यालयातले विठ्ठल लक्ष्मण फडके, म्हणजे मामा फडके, गोध्र्याला अंत्यज आश्रम काढून बसले ते जन्मभर. ही दोन्ही माणसे आपल्यातली. पण ती ज्या गावी गेली त्या गावची होऊन गेली, आणि मगच तिथे त्यांच्या शब्दाला किंमत आली.

आणखी एक मराठी मुलगा याच शहरात वाढला. विनायक नरहरी भावे, पुढचे विनोबा. त्यांनी आणि मित्रांनी मिळून येथे 'विद्यार्थी मंडळ' काढले होते. शिवजयंती कोठे करावी यावर चर्चा निघाली, तेव्हा विनायकाने सांगितले की स्वातंत्र्याच्या उपासकाचा उत्सव चार भिंतींत नको, रानात करू. दिवस सुट्टीचा नव्हता. वर्ग बुडणार म्हणजे दंड होणार. मग दंडाचे चार चार आणे प्रत्येकाने खिशात घालूनच दुसऱ्या दिवशी वर्गात जायचे ठरले, आणि गुरुजींनी विचारताच ती नाणी मेजावर मांडली गेली! या गोष्टीतली गंमत धिटाईत आहेच, पण त्याहून जास्त त्या आधी काढून ठेवलेल्या चार आण्यांत आहे. पुढाकार घ्यायचा तर त्याची किंमत आधी खिशात हवी. 25 मार्च 1916 रोजी इंटरच्या परीक्षेसाठी म्हणून हा मुलगा मुंबईच्या गाडीत बसला आणि सुरतेला उतरून काशीच्या गाडीला लागला. रघुनाथ धोत्रे, गोपाळराव काळे यांच्यासारखे मंडळातले मित्र पुढे त्यांच्या मागोमाग गेले. म्हणजे मंडळ तसेच राहिले, नुसती जागा बदलली.

उलट बाजूही सांगायला हवी. 1938 मध्ये बडोदे राज्य प्रजामंडळाचे अधिवेशन भादरणला वल्लभभाईंच्या अध्यक्षतेखाली झाले, आणि 1939 च्या जानेवारीत ते बडोद्यात आले तेव्हा त्यांच्या मिरवणुकीवर दगड पडले. दगड मारणाऱ्यांत मराठी मंडळी होती. आपले वर्चस्व जाणार अशी धास्ती तेव्हा आपल्या आळ्यांत पसरली होती. आपल्या घरांतून ही गोष्ट फारशी बोलली जात नाही. त्या वर्षीच्या फेब्रुवारीत सयाजीराव महाराज वारले आणि दहा वर्षांत राज्यही गेले. अंमलदारी गेली, पण अध्यक्षस्थानाची सवय राहिली. आजही एखाद्या जुन्या मराठी संस्थेत जा. भिंतीवर तसबिरी आहेत, कपाटात पुस्तके आहेत, वार्षिक सभेला शाल-श्रीफळ आहे. चिटणीसपद घ्यायला मात्र कोणी तयार नाही. माझ्या ओळखीच्या एका संस्थेचे खजिनदार ऐंशी उलटलेले आहेत. दरवर्षी ते राजीनामा आणतात आणि दरवर्षी टाळ्या वाजवून तो परत केला जातो. टाळ्या वाजवणाऱ्यांत चाळिशी-पन्नाशीची धडधाकट माणसे असतात, आणि त्यांचे नेहमीचे वाक्य ठरलेले असते, "काका, तुमच्यासारखे दुसऱ्या कोणाला जमणार नाही." स्तुतीच्या आडून अंग काढून घेण्याची ही युक्ती आपण फार सफाईने वापरतो.

हे सारे मनात येण्याचे कारण कामरेज. गेली चार वर्षे महिन्यातले दोन रविवार मी तेथे जातो. चौरस्त्याच्या अलीकडे-पलीकडे ज्या नव्या वसाहती उठल्या आहेत त्यांत सौराष्ट्रातून आलेले हिऱ्याचे कारागीर पुष्कळ, आणि त्यांच्या मधूनमधून धुळे, नंदुरबार, जळगावकडची आपली माणसे. कोणी यंत्रमागावर, कोणी रिक्षावर, कोणी हिरे घासायला. हंगामात ऊसतोडीला येणारे निराळेच. त्यांचे पाल शेताच्या कडेला पडतात, नवराबायको मिळून एक 'कोयता', आणि अनेक कोयत्यांचा एक मुकादम. यान ब्रेमन या डच समाजशास्त्रज्ञाने बारडोलीकडच्या या टोळ्यांवर आयुष्यभर लिहिले आहे. मुकादम त्यांच्याच गावचा, त्यांच्याच जातीचा असतो. त्यांनाच उचल वाटतो, त्यांनाच भल्या पहाटे उठवतो. पण त्याचे तोंड कारखान्याकडे असते. तेव्हा माणूस आपल्यातला असला म्हणजे झाले, असेही नाही.

वसाहतीतल्या मंडळींचे एक भजनी मंडळ आहे. घरी अहिराणी, शाळेत गुजराती आणि एकादशीला मराठी, असा त्यांच्या मुलांचा त्रिवेणी संगम चालतो. एक मुलगी अभंग गुजराती अक्षरांत उतरवून घेते आणि माझ्यापेक्षा शुद्ध म्हणते. मंडळाचे बुवा जुने विणकर होते. आवाज फाटका, पण चाल धरली की सोडायची नाही. मी जायचो ते टाळकऱ्यांना ताल आणि दोन पोरांना पेटी शिकवायला. दोन वर्षांपूर्वी बुवा थकले आणि पारोळ्याकडे आपल्या गावी परत गेले. वीणा खुंटीवर टांगली गेली.

वाचकांना ठाऊक असेलच, वारकरी परंपरेत वीणेकरी म्हणजे दिंडीचा प्रमुख. तो उभा राहतो, बाकीचे त्याच्याकडे पाहून चालतात. अखंड हरिनाम सप्ताहात सात दिवस वीणा जमिनीला टेकत नाही. दिवसरात्र दोन-दोन तासांचे पहारे लावतात. पहारा बदलताना देणारा आणि घेणारा एकमेकांच्या पाया पडतात, आणि तार वाजती राहते. मला ही रीत फार शहाणपणाची वाटते. नमस्कार दोघांनी करायचा आहे. घेणाऱ्याने मोठे व्हायचे नाही आणि देणाऱ्याने रुसायचे नाही.

तर बुवांची वीणा दोन एकादश्या खुंटीवरच राहिली. भजन होई, पण कसे? सुरुवात कोणी करायची यावर दहा मिनिटे "तू घे, तू घे" चाले. मग एक दिवस पाच-सहा जण माझ्याकडे आले. "सर, तुम्हीच वीणा घ्या. तुम्ही शिकलेले. तुमच्या घरात राजाचं गाणं." मी नाही म्हटले. विनय म्हणून नव्हे. रविवारी सकाळी येऊन संध्याकाळच्या गाडीने बडोद्याला परतणारा माणूस त्यांचा वीणेकरी झाला असता तर मी त्यांचा वहिवाटदार झालो असतो. रात्री अकराला कोणाच्या दारात प्रेत असेल, सोसायटीने ध्वनिक्षेपक बंद करायला सांगितले असेल, कोणाच्या पोराला पोलिसांनी नेले असेल, तेव्हा मी कोठे असणार? मी म्हटले, "चाली सांगेन, पेटी सांगेन. वीणा तुमच्यातल्याने घ्या. तोवर चक्रीभजन करा."

चक्रीभजन म्हणजे गोल बसायचे आणि पाळीपाळीने प्रत्येकाने एक अभंग सांगायचा. कोणीही सुटत नाही. पहिल्या रविवारी मोठी मौज झाली. निम्म्या लोकांना एकच अभंग येत होता, आणि तो पहिल्यानेच म्हणून टाकला होता! पाळी फिरत फिरत दाराशी आली. तेथे डबे करून देणाऱ्या एक बाई बसत. त्यांना सारे अक्का म्हणतात. तोवर मी त्यांना मागे म्हणताना ऐकले होते, एकट्याने कधीच नाही. त्यांनी एक अभंग सांगितला, दुसरी फेरी आली तेव्हा दुसरा, तिसऱ्या फेरीला तिसरा. पाचव्या फेरीला बाकी सगळे रिकामे झाले होते आणि अक्कांच्या पोतडीत अजून शिल्लक होते. माहेरी आजोबांच्या मांडीवर बसून ऐकलेले होते सगळे.

तेव्हा गायनमास्तराला खरे काम पडले. पुरुष काळी एकमध्ये गाणारे, अक्कांचा आवाज काळी चारला खुलणारा. त्यांनी सुरू केले की पुरुष तारात ओरडत, नाहीतर खाली गुळगुळत. असे झाले की लोक म्हणतात, "बाईच्या मागे म्हणता येत नाही," आणि गोष्ट तेथेच संपते. पुष्कळ ठिकाणी ती अशीच संपलेली आहे. खरे पाहता हा मानाचा प्रश्न नव्हे, पट्टीचा आहे. तीन रविवार खटपट करून आम्ही काळी तीन धरली. अक्का थोड्या खाली आल्या, पुरुष थोडे वर गेले. दोन्ही बाजूंनी कुरकूर झाली, म्हणजे पट्टी बरोबर असावी असे मी धरून चाललो.

विणेचा प्रश्न मात्र पट्टीने सुटण्यासारखा नव्हता. सप्ताह जवळ आला तेव्हा पहाऱ्यांची यादी निघाली. बाईने वीणा घ्यावी की नाही यावर दोन मते झाली. काही गावी घेतात, काही गावी घेत नाहीत. एका वयस्कर गृहस्थांनी ठाम नकार दिला. ते मनाने वाईट नव्हेत, त्यांनी पाहिलेच नव्हते. अक्का वाद घालायला आल्या नाहीत. यादीत पहाटे दोन ते चार हा पहारा सातही रात्री रिकामा होता. यंत्रमागाची पाळी करून आलेला माणूस त्या वेळी कसा उभा राहणार? अक्कांनी नातीला सांगून त्या रकान्यात सात वेळा आपले नाव घालून घेतले. त्या तासाला वीणा घ्यायला दुसरे कोणी नव्हते, आणि ती खाली तर ठेवता येत नव्हती. पहिल्या रात्री ते वयस्कर गृहस्थच बारा ते दोन उभे होते. दोन वाजता अक्का पदर खोचून समोर आल्या. गृहस्थांनी क्षणभर इकडेतिकडे पाहिले. मांडवात टाळ धरून पेंगणाऱ्या दोन पोरांशिवाय कोणी नव्हते. मग त्यांनी वीणा गळ्यातून काढली, अक्कांच्या गळ्यात घातली आणि रीतीप्रमाणे वाकले. हे मी पाहिले नाही, मी तेव्हा बडोद्यात झोपलेला होतो. त्या गृहस्थांनीच मला ते नंतर सांगितले, आणि सांगताना त्यांना आपण काही विशेष केले असे वाटत नव्हते.

आता मंडळाचा हिशेब अक्कांकडे आहे. काल्याच्या प्रसादाला गहू कोणाकडून किती आला हे त्यांना तोंडपाठ असते. रात्री दहानंतर ध्वनिक्षेपक बंद, हा नियम त्यांनी सोसायटीने सांगण्याआधीच केला. सौराष्ट्राकडच्या शेजारणींना त्या काकड्याला बोलावतात. त्यांना शब्द कळत नाहीत, चाल कळते. दोन ऊसतोडीच्या पालांवरून बाया हरिपाठाला येऊ लागल्या होत्या. मुकादमाने त्यांना अडवले तेव्हा अक्का स्वतः पालावर जाऊन आल्या. काय बोलल्या ते सांगत नाहीत. बाया येतात. मंडळात कुरबुरी अजून आहेत. पखवाजवाला दोनदा रुसून गेला आणि दोनदा परत आला. अक्कांचा ताल द्रुत लयीत अजून पुढे पळतो, आणि ते मी त्यांना दर रविवारी सांगतो.

यंदाच्या सप्ताहाची यादी गेल्या खेपेला भिंतीवर लागलेली पाहिली. नातीच्या हातची, गुजराती अक्षरांत. दोन ते चारच्या रकान्यात अक्कांचे नाव तीनच रात्री होते. उरलेल्या चार रात्री दुसऱ्या नावांनी भरलेल्या होत्या, त्यांपैकी एक पेन्सिलीने घातलेले होते आणि ते हिरे घासणाऱ्या एका एकोणीस वर्षांच्या मुलाचे होते. खाली एक ओळ माझ्यासाठी होती. मास्तरांनी आठ वाजता यावे, साडेआठला नव्हे.